मॅगी बेलच्या रेकॉर्ड्स: कुठली आधी घ्यावी, कुठली सोडून द्यावी

स्कॉटिश ब्लूज-रॉक गायिका मॅगी बेल म्हटलं की अमेरिकन गायिका जॅनिस जॉप्लिनवरून आलेलं ‘ब्रिटनची जॅनिस जॉप्लिन’ हे बिरूद पाठोपाठ येतंच. त्याचा सगळ्यात मोठा तोटा रेकॉर्ड विकत घेणाऱ्याला होतो. तो किंचाळ्या शोधत जातो, किंचाळ्या असलेली रेकॉर्ड उचलतो, दोनदा ऐकतो आणि ‘मग जॅनिस काय वाईट होती’ म्हणून बाजूला ठेवून देतो. मॅगीचा आवाज मोठा आहे, खरखरीत आहे, यात वाद नाही. पण जॅनिस गाणं सुरू होताच सगळं उधळते, तर मॅगी पहिले दोन अंतरे हात राखून गाते आणि खरखर शेवटाकडे खर्च करते. कुठल्या रेकॉर्डमध्ये वादकांनी आणि निर्मात्याने तिला असं हात राखून गायला जागा दिली, त्या एकाच निकषावर इथली निवड केली आहे. बाकी मतभेद असतील तर असोत.

पार्श्वभूमी थोडक्यात. जन्म १२ जानेवारी १९४५, ग्लासगोच्या मेरीहिल भागात. पंधराव्या वर्षी शाळा सुटली. दिवसा दुकानांच्या दर्शनी काचा सजवायचं काम आणि रात्री डान्स हॉलमध्ये गाणं, असा तिचा दिनक्रम होता. डान्स हॉलची ही तालीम तिच्या आवाजात शेवटपर्यंत ऐकू येते. तिथे रात्रभर गायचं असे आणि त्या आठवड्यात चालू असलेलं प्रत्येक गाणं यायला लागे. ध्वनियंत्रणा कमकुवत, गायकाला स्वतःचा आवाज परत ऐकवणारे मॉनिटर स्पीकर तर जवळपास कुठेच नसत. अशा जागी गायक दोन गोष्टी शिकतो: आवाज छातीतून काढायचा, म्हणजे घसा रात्रभर टिकतो, आणि व्यंजनं ठासून उच्चारायची, म्हणजे गोंगाटातही शब्द कळतात. मॅगी कितीही वरच्या पट्टीत गेली तरी शब्द गिळत नाही. हे ब्रिटिश ब्लूजमध्ये वाटतं तितकं सर्रास आढळत नाही.

१९६६ मध्ये तिने बॉबी केरबरोबर ‘फ्रँकी अँड जॉनी’ या नावाने सिंगल्स काढल्या. त्या संग्राहकांसाठी आहेत, ऐकणाऱ्याने त्यांच्या मागे लागू नये. त्याआधी गायक अ‍ॅलेक्स हार्वीने तिची ओळख आपल्या धाकट्या भावाशी, गिटारवादक लेस हार्वीशी करून दिली होती आणि ती त्याच्या ‘किनिंग पार्क रॅम्बलर्स’मध्ये गायली होती. पुढे दोघांनी ‘पॉवर’ नावाचा बँड उभा केला. जर्मनीतल्या अमेरिकन लष्करी तळांवर सोल आणि ब्लूज गाऊन तिचा आवाज तयार झाला. १९६९ मध्ये लेड झेपलिनचा मॅनेजर पीटर ग्रँट याने या बँडला हाताशी धरलं आणि ‘पॉवर’चा ‘स्टोन द क्रोज’ झाला. बासवर आणि गायनात जेम्स ड्यूअर, कीबोर्डवर जॉन मॅकगिनिस, ड्रम्सवर कॉलिन अ‍ॅलन. यातला अ‍ॅलन नुकताच ब्लूज संगीतकार जॉन मेयॉलच्या बँडकडून आला होता. मेयॉलच्या १९६८ च्या ‘ब्लूज फ्रॉम लॉरेल कॅन्यन’वर ड्रम्स त्याचेच आहेत.

पहिला अल्बम बँडच्याच नावाचा, १९७०, पॉलिडोर कंपनीचा. इथे घेणाऱ्याने आधीच एक गोष्ट समजून घ्यावी: या अल्बमची दुसरी बाजू म्हणजे एकच गाणं आहे. ‘आय सॉ अमेरिका’ जवळपास १७ मिनिटं चालतं, तुकड्यातुकड्यांनी बनलेलं आहे आणि त्यात ड्यूअरचा आवाजही भरपूर आहे. काही तुकडे जबरदस्त आहेत, काही निव्वळ १९७० सालाचे आहेत. मॅगीसाठी ऐकायचं असेल तर पहिली बाजू पुरे. ‘द टच ऑफ युअर लव्हिंग हँड’ हे संथ गाणं तिच्या पद्धतीचा उत्तम नमुना. सुरुवातीला ती जवळजवळ बोलल्यासारखी गाते आणि आवाज पायरीपायरीने वर नेते. खरखर कधी येते ते लक्ष देऊन ऐका. ती ओळीच्या शेवटी, श्वास संपत आलेला असताना येते. बीटल्सचं ‘द फूल ऑन द हिल’ही याच बाजूला आहे. एवढं नाजूक गाणं इतक्या जाड आवाजाला का दिलं असा प्रश्न पडतो, पण तीही ते फार जोर न लावता निभावून नेते. ड्यूअर सोबतीला असण्याचा फायदाही इथेच दिसतो. तोही ग्लासगोचाच, एकेकाळी गायिका लुलूच्या ‘लव्हर्स’ बँडमध्ये होता, आणि त्याचा आवाज मऊ, धुरकट. दोन आवाज एकमेकांच्या आड येत नाहीत.

त्याच वर्षी ‘ओड टू जॉन लॉ’ आला. बँडच्या चार अल्बमांपैकी सर्वात असमान हाच. बँडला स्वतःची गाणी लिहायची घाई झालेली जाणवते आणि काही रचना एका गाण्यात तीन गाण्यांचं सामान भरतात. तरीही दोन गाण्यांसाठी तो घ्यावा: सुरुवातीचं ‘सॅड मेरी’ आणि शेवटचं ‘डेंजर झोन’. दुसरं मुळात पर्सी मेफील्डचं. त्यात बँड मागे सरकतो, ऑर्गन एका सुरावर धरून ठेवतो आणि मॅगीला वेळ मिळतो. संथ ब्लूजमध्ये गायकाची परीक्षा वेगाने होत नाही, ओळ संपल्यावर ती गप्प बसू शकते का यात होते. ती बसते.

१९७१ मध्ये ड्यूअर निघून गेला आणि गिटारवादक रॉबिन ट्रॉवरचा गायक म्हणून नावारूपाला आला. मॅकगिनिसही गेला. त्यांच्या जागी बासवर, मेयॉलच्या त्याच अल्बमवर वाजवलेला स्टीव्ह थॉम्पसन आला, म्हणजे लॉरेल कॅन्यनवाली अ‍ॅलन-थॉम्पसन जोडी पुन्हा जुळली. कीबोर्डवर ग्लासगोचा रॉनी लेही आला. या बदलाचा परिणाम ‘टीनेज लिक्स’वर पहिल्या मिनिटापासून ऐकू येतो. ठेका घट्ट झाला, पियानो आला आणि गाणी आखूड झाली. ड्यूअर गेल्यामुळे मॅगी आता एकटी मुख्य गायिका होती. दोन गायकांमध्ये ओळी वाटून घेण्याची गरज संपल्यामुळे तिच्या गाण्यांना सरळ चढण मिळाली.

कुणी विचारलं की एकच घ्यायची तर कुठली, तर ‘टीनेज लिक्स’. सुरुवातीचं ‘बिग जिम सॉल्टर’ उडत्या चालीचं आहे, ते ऐकून मत बनवू नका. बॉब डिलनचं ‘डोन्ट थिंक ट्वाइस, इट्स ऑल राइट’ काढा. डिलनने ते भरभर, गिटारच्या तारा छेडत, खांदे उडवल्यासारखं गायलं होतं. इथे लय निम्म्यावर आणली आहे आणि गॉस्पेलच्या अंगाने ऑर्गन-पियानो घातले आहेत. लय निम्मी केली की प्रत्येक शब्दामागे दुप्पट वेळ येतो आणि साधा गायक तो वेळ हरकतींनी भरून काढतो. मॅगी बऱ्याच जागा रिकाम्या सोडते. त्यामुळे शेवटी आवाज फुटतो तेव्हा तो आतून आलेला वाटतो, ओढूनताणून आणलेला नाही. या अल्बममध्ये दोन-तीन तुकडे मध्यंतरासारखे आहेत, ज्यांत ती फारशी नाहीच. त्यांचा कंटाळा येईल. ते वगळून ऐकलं तर काही बिघडत नाही.

याच सुमाराला ‘मेलडी मेकर’ साप्ताहिकाच्या वाचकांनी तिला ब्रिटनची सर्वोत्तम गायिका म्हणून कौल दिला. बँडचं नाव झालं होतं, अमेरिकेचे दौरे चालू होते. मे १९७२ मध्ये स्वॉन्झीच्या टॉप रँक हॉलमध्ये कार्यक्रम सुरू होत असताना लेस हार्वीने गिटार हातात असताना माईकला हात लावला आणि विजेच्या धक्क्याने तो गेला. वय २७. माईकचं अर्थिंग झालेलं नव्हतं. हे कसं घडतं ते आजही स्टेजवर उभं राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा अँप्लिफायरमार्फत अर्थिंगला जोडलेल्या असतात. माईक ज्या यंत्रणेला जोडला आहे तिचं अर्थिंग तुटलेलं असेल आणि आत कुठे गळती असेल, तर माईकच्या धातूवर विजेचा पूर्ण दाब बसू शकतो. एका हातात तारा आणि दुसऱ्या हातात माईक आला की प्रवाह एका हातातून छातीमार्गे दुसऱ्या हातात जातो. उपाय साधा आहे: गाणं सुरू करण्याआधी माईकची जाळी आणि गिटारची तार यांच्यामध्ये मल्टिमीटर लावून दाब मोजायचा, सगळी यंत्रणा एकाच अर्थिंगवर घ्यायची, आणि गुणगुण बंद व्हावी म्हणून प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढायची नाही. हा शेवटचा उद्योग त्या काळी सर्रास चाले.

बँड थांबला नाही. फ्लीटवुड मॅकचा पीटर ग्रीन काही काळ तालमींना आला आणि मागे फिरला. लिंकनजवळच्या मोठ्या महोत्सवात ‘येस’ बँडचा स्टीव्ह हाउ ऐनवेळी गिटारला उभा राहिला. शेवटी जिमी मॅककलॉक आला. डम्बार्टनचा हा मुलगा जेमतेम १९ वर्षांचा होता आणि ‘थंडरक्लॅप न्यूमन’मधून त्याच्या नावावर आधीच पहिल्या क्रमांकाचं गाणं जमा होतं. १९७२ चा ‘ऑन्टिन्युअस परफॉर्मन्स’ असा दोन गिटारवादकांमध्ये विभागलेला आहे. बहुतेक गिटार हार्वीची, ‘गुड टाइम गर्ल’ आणि ‘सनसेट काउबॉय’ या दोन गाण्यांत मॅककलॉकची. फरक सहज ओळखू येतो. हार्वी मॅगीची ओळ पुरी होऊ देतो आणि तिला उत्तर देतो, तर मॅककलॉक ओळीच्या खालूनच वाजवायला लागतो.

हे उत्तर देणं म्हणजे काय ते ‘पेनिसिलिन ब्लूज’ समोर ठेवून समजून घेता येतं. बारा मात्राखंडांचा ब्लूज चार-चार खंडांच्या तीन ओळींचा असतो. पहिली ओळ, तीच ओळ पुन्हा, मग तिसरी ओळ उत्तर म्हणून. प्रत्येक चारातले साधारण पहिले दोन खंड गायकाचे, उरलेले दोन वाद्याचे. गायकाने तीन खंड खाल्ले तर वाद्याला जागा उरत नाही आणि गाणं गुदमरतं. मॅगी बहुतेक वेळा दोन खंडांच्या आतच थांबते, हार्वी सुरू करतो, आणि ती त्याच्या शेवटच्या सुरावरून पुढची ओळ उचलते. चार वर्षं रोज एकत्र गायल्या-वाजवल्याशिवाय हे जमत नाही. ‘टीनेज लिक्स’नंतर दुसरी रेकॉर्ड घ्यायची ती हीच. ब्रिटिश विक्रीच्या यादीत ती ३३ व्या क्रमांकापर्यंत गेली, बँडच्या कुठल्याही अल्बमपेक्षा वर. ‘किंग टट’ मात्र वाद्यसंगीत आहे; मॅगीसाठी रेकॉर्ड घेतलेल्यांनी दचकू नये.

१९७३ मध्ये बँड मोडला. मॅककलॉक पॉल मॅकार्टनीच्या ‘विंग्ज’मध्ये गेला, अ‍ॅलन डच बँड ‘फोकस’मध्ये. दोघांनी मिळून लिहिलेलं ‘मेडिसिन जार’ विंग्जच्या १९७५ च्या अल्बमवर आहे.

इथे थोडं थांबून बीबीसीच्या रेडिओ ध्वनिमुद्रणांबद्दल बोलायला हवं, कारण माझ्या मते बँडचं सर्वात प्रामाणिक काम तिथे आहे. १९६९ ते १९७२ या काळातली ही सत्रं १९९८ मध्ये ‘स्ट्रेंज फ्रूट’ कंपनीने दोन भागांत सीडीवर काढली, नंतर इतरांनीही काढली. स्टुडिओ अल्बममध्ये आवाजावर आवाज चढवलेले असतात, रेडिओवर तेवढा वेळ नसे. बँड उभा राहून वाजवणार, मॅगी एकदा गाणार, संपलं. त्यामुळे तिच्या श्वासाच्या जागा कळतात. जवळून गाताना माईकमध्ये खालचे सूर फुगतात आणि मोठा सूर येताना तोंड मागे नेलं की आवाज पातळ न होता लांब जातो. तिचं हे माईकवरचं कसबही इथे ऐकू येतं. तोटा असा की गाणी पुन्हा पुन्हा येतात, काही सत्रांचा आवाज बोदा आहे, आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या संचांमध्ये तेच ते साहित्य वेगळ्या क्रमाने भरलेलं असतं. दोन संच घेण्याआधी गाणं आणि तारीख दोन्ही ताडून पाहा. नुसती गाण्यांची नावं पाहिली तर फसाल.

आता तिची स्वतःची कारकीर्द. ‘क्वीन ऑफ द नाइट’, १९७४, न्यूयॉर्क, निर्माता जेरी वेक्सलर. अरीथा फ्रँकलिनला अटलांटिक रेकॉर्ड्सवर घडवणारा आणि डस्टी स्प्रिंगफील्डचा मेम्फिस अल्बम करणारा हाच माणूस. त्याने मॅगीमागे न्यूयॉर्कचे भाडोत्री उस्ताद बसवले: गिटारवर कॉर्नेल डुप्री, बासवर चक रेनी, ड्रम्सवर स्टीव्ह गॅड. या लोकांना कमी वाजवण्याचेच पैसे मिळतात. हार्वीसारखा संवाद इथे नाही, पण एकही सूर जागा अडवत नाही. ‘अ वुमन लेफ्ट लोनली’ हे डॅन पेन आणि स्पूनर ओल्डहॅमचं गाणं जॅनिसच्या शेवटच्या अल्बमवरही आहे, त्यामुळे तुलना करायची ती इथे करावी. दोन्ही लागोपाठ लावा. जॅनिसचं दुःख चालू आहे. मॅगीचं उरकून गेलेलं आहे, ती आता त्याबद्दल सांगते आहे. ‘अ‍ॅज द इयर्स गो पासिंग बाय’ या मंद, कोमल स्वरांच्या ब्लूजमध्येही तेच. जॉन प्राइनचं ‘सूव्हेनिअर्स’ आणि ‘वी हॅड इट ऑल’ ही तर कंट्री वळणाची गाणी आणि तिथे खरखर जवळजवळ बाजूला ठेवली आहे. ज्यांना तिचा आवाज कर्कश वाटतो त्यांनी याच दोन गाण्यांपासून सुरुवात करावी.

नावडणारा भाग म्हणजे जे. जे. केलचं ‘आफ्टर मिडनाइट’ आणि रिंगो स्टारचं ‘ओ माय माय’. दोन्ही गाणी ठीक आहेत, वाजवलीही स्वच्छ आहेत, पण ती कुणीही गाऊ शकलं असतं. अल्बम अमेरिकेत बिलबोर्डच्या यादीत शिरला, पहिल्या शंभराच्या बाहेरच राहिला.

‘सुसाइड सॅल’, १९७५. अमेरिकेत लेड झेपलिनच्या ‘स्वॉन साँग’ लेबलवर, क्रमांक एसएस ८४१२, ब्रिटनमध्ये पॉलिडोरवर. निर्माता मार्क लंडन, जो ग्रँटबरोबर तिचं व्यवस्थापनही पाहत असे. दोन गाण्यांत लेड झेपलिनच्याच जिमी पेजची गिटार आहे, आणि नेमकं त्याच दोन गाण्यांच्या जोरावर ही रेकॉर्ड आजही विकली जाते. पेजसाठी घेत असाल तर ‘इफ यू डोन्ट नो’ आणि ‘कमिंग ऑन स्ट्राँग’ ऐका, खूश व्हाल. मॅगीसाठी घेत असाल तर थोडा हिरमोड होईल. सगळंच एका उंचीवर आहे, सुरुवातीपासून भरून वाहतं. ‘फ्री’ बँडच्या ‘विशिंग वेल’मध्ये ती पहिल्याच ओळीत वरच्या आवाजात जाते आणि मग वर जायला कुठेच उरत नाही. मूळ गायक पॉल रॉजर्स स्वतः हात राखून गाण्यात पटाईत, त्यामुळे तुलना आणखीच अवघड जाते. आवाज वाईट नाही. त्याला जिना मिळालेला नाही, सरळ गच्चीवर नेऊन उभं केलं आहे.

तिचे सुटे तुकडे कुठे कुठे पसरलेले आहेत तेही नोंदवून ठेवतो. रॉड स्टुअर्टच्या १९७१ च्या ‘एव्हरी पिक्चर टेल्स अ स्टोरी’च्या शीर्षकगीतात मागून जो दुसरा, फाटका आवाज येतो तो तिचा, आवरणावर तिचं श्रेय ‘व्होकल अब्रेसिव्ह्ज’ असं दिलं आहे, सँडपेपरच्या धंद्यातल्यासारखं. १९७२ मध्ये लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर ‘द हू’ बँडच्या ‘टॉमी’ या रॉक ऑपेराचं जे ध्वनिमुद्रण झालं त्यात आईच्या भूमिकेत तीच गाते. १९७८ मध्ये ‘हेझल’ या दूरचित्रवाणी मालिकेचं शीर्षकगीत ब्रिटिश यादीत पहिल्या चाळिसात गेलं. १९८१ मध्ये बी. ए. रॉबर्टसनबरोबरचं ‘होल्ड मी’ हे १९३३ सालचं जुनं गाणं थेट ११ व्या क्रमांकापर्यंत पोचलं. तिच्या आयुष्यातलं हे सर्वात मोठं यश आणि तिच्या कामातलं सर्वात कमी महत्त्वाचं. स्कॉटलंडमध्ये मात्र ज्यांनी ब्लूज कधी ऐकला नाही त्यांनाही तिचा आवाज माहीत आहे, तो ‘टॅगार्ट’ या पोलीस मालिकेच्या ‘नो मीन सिटी’ गाण्यामुळे. चाल माइक मोरनची. मालिकेतले गुप्तहेर मेरीहिल पोलीस ठाण्याचे, आणि गाणारी मेरीहिलची. कुणी मुद्दाम जुळवलं नसेल, पण जमलं बेमालूम.

‘मिडनाइट फ्लायर’ हा १९८१ चा बँड आणि त्याच नावाचा अल्बम, पुन्हा ‘स्वॉन साँग’वर, निर्माता ‘बॅड कंपनी’चा मिक राल्फ्स. बासवर ‘फॉगहॅट’चा टोनी स्टीव्हन्स, ड्रम्सवर ‘व्हाइटस्नेक’मधून आलेला डेव्ह डाउल. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात ड्रम्सचा आवाज इतका पुढे आणि इतका भरलेला की ओळींमधली शांतता संपून जाते. पूर्ण संग्रह करणाऱ्यांनीच घ्यावा.

त्यानंतर ती बरीच वर्षं नेदरलँड्समध्ये राहिली. २००६ मध्ये परतून ‘ब्रिटिश ब्लूज क्विंटेट’मध्ये आली: झूट मनी, मिलर अँडरसन, कॉलिन हॉजकिन्सन आणि ड्रम्सवर पुन्हा कॉलिन अ‍ॅलन. त्यांचा ‘लाइव्ह इन ग्लासगो’ २००७ चा. साठी ओलांडलेला आवाज वर कमी जातो, खाली मात्र अजून जाड झाला आहे. तीन गायक असल्यामुळे तिच्या वाट्याला गाणी थोडी येतात. ‘एंजल एअर’ कंपनीने २००२ मध्ये १९७४ चा लंडनच्या रेनबो नाट्यगृहातला आणि १९७५ चा बॉस्टनमधला असे तिचे दोन जुने कार्यक्रमही काढले. या दोहोंत स्टुडिओतल्या ‘क्वीन ऑफ द नाइट’ची शिस्त नाही, पण बँड तापलेला आहे. ‘सुसाइड सॅल’च्या ऐवजी तिच्या त्या काळाचं काही हवं असेल तर बॉस्टन घ्या.

आता प्रत्यक्ष खरेदी. जुनी तबकडी घ्यायची असेल तर हा आवाज तबकडीवर कुठे त्रास देतो ते माहीत असलेलं बरं. ३३⅓ वेगाने फिरणाऱ्या बारा इंची तबकडीवर बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते. आतल्या टोकाला तीच गती सुमारे २१ सेंटिमीटरवर येते. म्हणजे तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. खरखरीत, वरच्या पट्टीतला बाईचा आवाज हा त्या कोंबण्याला सर्वात आधी बळी पडतो: स-श फुटतात, सूर चरचरतो. ‘डेंजर झोन’ आणि ‘सनसेट काउबॉय’ यांसारखी तिची उत्तम संथ गाणी नेमकी बाजूच्या शेवटाकडे आहेत. म्हणून विकत घेताना तबकडीची सुरुवात ऐकून समाधान मानू नका, प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं लावायला सांगा. तिथे मॅगीचा मोठा सूर फाटत असेल आणि लहान सूर स्वच्छ असेल, तर आधीच्या मालकाच्या झिजलेल्या किंवा जड सुईने खाच खाल्ली आहे. ते धुऊन जात नाही. दोन्ही सूर सारखेच चरचरत असतील तर धूळ असू शकते. धुऊन पाहायला हरकत नाही. तबकडी नवीकोरी असूनही शेवट फाटत असेल तर दोष तुमच्या यंत्राचा: काट्रिज (सुई बसवलेला भाग) आतल्या टोकाला खाचेशी समांतर बसलेलं नाही किंवा गोल टोकाची सुई आहे. लंबगोल टोकाची सुई लावून, काट्रिजच्या पत्रकात दिलेल्या वजनमर्यादेच्या वरच्या अर्ध्यात वजन ठेवलं की बराच फरक पडतो. वजन कमी ठेवलं म्हणजे तबकडी जपली जाते हा गैरसमज आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि जास्त नुकसान करते.

‘आय सॉ अमेरिका’च्या बाजूची अडचण वेगळी. मध्ये हळू आवाजाचे लांब तुकडे आहेत, तिथे प्रत्येक टिकटिक ऐकू येते. तेव्हा दुकानात पहिली बाजू न ऐकता दुसरीच ऐका.

सीडी घेताना चारही बँड-अल्बम दोन-दोन करून एकत्र मिळतात ते संच सोयीचे. जोडगाण्यांपासून (बोनस ट्रॅक) सावध राहा: काही आवृत्त्यांत अल्बम संपताच लगेच एखादं रेडिओ सत्र सुरू होतं, आवाजाची पातळी बदलते आणि शेवटच्या गाण्याचा परिणाम पुसला जातो. मूळ तबकडीवर किती गाणी होती ते पाहून तिथे थांबवा. एखादी सीडी कानाला टोचत असेल तर ट्रेबल सरसकट कमी करू नका, झांजा मरतात. इक्वलायझर असेल तर ३ किलोहर्ट्झच्या आसपास २ डेसिबल खाली घ्या. खरखर राहते, बोचणं जातं.

स्ट्रीमिंगवर शोधताना ‘ऑन्टिन्युअस’मध्ये पहिलं अक्षर मुद्दाम गाळलेलं आहे हे लक्षात ठेवा, नीट स्पेलिंग घालून शोधलं तर कित्येकदा काहीच हाती लागत नाही. आणि आवाजाची पातळी आपोआप समान करणारी सोय बंद करा, निदान गाणी एकेक करून ऐकत असाल तेव्हा. तिच्यामुळे संथ गाणी चढवली जातात, जोरातली उतरवली जातात आणि अल्बममध्ये हळू गाण्यानंतर जोराचं गाणं अंगावर येतं ती मजा जाते. काही अॅपमध्ये अल्बमपुरती समान पातळी ठेवण्याचा पर्याय असतो. तो चालेल, त्यात गाण्यांमधला फरक शाबूत राहतो.

क्रम असा ठेवा: ‘टीनेज लिक्स’, मग ‘ऑन्टिन्युअस परफॉर्मन्स’, मग ‘क्वीन ऑफ द नाइट’, मग बीबीसी. पहिल्या बाजूसाठी पहिला अल्बम कुठे स्वस्तात मिळाला तर सोडू नका. ‘ओड टू जॉन लॉ’ची दोन गाणी सुटी ऐकून ठरवा, आणि ‘सुसाइड सॅल’ला पेजच्या चाहत्यांनी लावलेला भाव द्यायची गरज नाही.